साडेआठचा फुटपाथ

गेल्या एप्रिलात आमच्या चॅपलच्या मासिक पत्रकात, लिंबाच्या केकची कृती आणि दोन निधनवार्ता यांच्या मधे, चार ओळींचं एक पत्र छापून आलं. 'फुटपाथ चालणाऱ्यांसाठी असतो. सकाळी साडेआठला शाळेची मुलं बीकन रोडच्या फुटपाथवरून भरधाव सायकली हाणतात. कुणाला तरी लागायच्या आत पालकांनी लक्ष घालावं.' खाली नाव: मिसेस थेल्मा ऑर्गिल, घर क्रमांक सतरा.

पत्राचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते नावाचं.

पत्रं तर आमच्या रस्त्याच्या पाचवीलाच पुजलेली आहेत. इथे भांडण तोंडाने होत नाही, कागदाने होतं. कचऱ्याचा डबा चुकीच्या रंगाचा बाहेर ठेवलात, डब्यावर चिठ्ठी. गाडी अर्धी फुटपाथवर चढवलीत, काचेवर चिठ्ठी. तीही 'कृपया'ने सुरू होऊन 'आभारी आहोत'ने संपणारी, मधे मग काय वाट्टेल ते. एकोणतीस नंबरचे मिस्टर टक्सफर्ड तर कुत्र्याची घाण दिसली की तिच्यात काडीला लावलेला छोटा लाल झेंडा रोवून येतात, आणि महिनाअखेरीस झेंडे किती लागले ते पत्रकात छापतात. सव्वीस वर्षं मी नॉटिंगहॅमच्या वरच्या अंगाच्या या गावात राहते आहे. रस्त्यात कुणाचा चढलेला आवाज मी दोनदाच ऐकला असेल. त्यातल्या एकाची ही गोष्ट.

पण थेल्मा? मुलांविरुद्ध थेल्मा ऑर्गिल? पत्रक वाचून आमचे हे म्हणाले, "छापताना नाव चुकलं असणार."

थेल्मा माझी भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. वय पंचाहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, आणि चालणं असं की दूध उतू जातंय. एकोणीस वर्षं ती बीकन रोडच्या उताराखाली, शाळेसमोर, पायघोळ पिवळा कोट घालून आणि उंच दांड्यावरची गोल पाटी घेऊन उभी असायची. पाटी आडवी धरून ती रस्त्यात उतरली की विटांचा ट्रकसुद्धा मुकाट थांबायचा. मुलं तिला लॉलीपॉपवाली म्हणत. माझी दोन्ही मुलं तिनेच पार करून दिली. धाकटा पहिल्या दिवशी माझा हात सोडेना, तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "बरं, तू नको जाऊस शाळेत. माझ्याबरोबर उभा राहा, मला एक माणूस हवाच आहे गाड्या थांबवायला." दोन गाड्या थांबवून झाल्यावर तो आपणहून पळाला. कुणाचा दात पडला, कुणाच्या घरी बाळ आलं, कुणाचा बाप घर सोडून गेला, हे आधी थेल्माला कळायचं, मग शाळेला.

नऊ वर्षांपूर्वी कौन्सिलने काटकसरीत ती जागाच रद्द केली. शेवटच्या दिवशी मुलांनी तिला भलंमोठं कार्ड दिलं. ती मात्र कार्ड काखेत धरून एकेका मुलासमोर वाकत होती आणि सांगत होती, "उद्यापासून मी नसणार. या रस्त्यावर सायकल घालायची नाही, ऐकलंस? फुटपाथवरून जायचं. हळू, घंटी वाजवत. कुणी रागावलं तर सांगायचं, थेल्माने सांगितलंय." मी शेजारीच होते. माझ्या कानांनी ऐकलं.

मुलांनी तिचं ऐकलं. पुढे उताराखाली मोठं गोदाम झालं, ट्रक वाढले, शाळेने सायकलवरून येणाऱ्यांना बिल्ले द्यायला सुरुवात केली. थेल्माच्या सांगण्यातलं 'हळू' तेवढं मधल्या वर्षांत गळून पडलं. बाकीचं राहिलं.

मग आता हिलाच काय झालं? पत्रक आलं त्या आठवड्यात रस्ताभर हाच विषय. म्हातारपण, असं एकमत झालं. मला कारण ठाऊक होतं आणि मला ते कुणाला सांगायचं नव्हतं. आजही सांगितलेलं नाही. हे मराठीत लिहिते आहे, इथे वाचणारं कुणी नाही, म्हणून लिहिते.

थेल्माला मी अगं-तुगं करते. तिच्या नवऱ्याला नाही. नेव्हिल ऑर्गिल हे अहो-जाहो करण्याचेच गृहस्थ. चाळीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात यंत्रांवर होते. गोल यंत्रात दोनशेच्या वर सुया, त्यातली एक वाकडी असली तर नेव्हिल म्हणे दारातूनच सांगायचे, कितवी ते. कारखाना बंद होऊन जमाना झाला, पण रोज सकाळी दाढी, टाय, चकचकीत बूट आणि ठीक साडेआठला घराबाहेर. उतारावरून खाली पेपरच्या दुकानापर्यंत. दुकानाबाहेरच्या बाकावर कारखान्यातले, आर्नल्ड धरून, तीन जुने सोबती बसायचे. सव्वानऊपर्यंत घोडे, फुटबॉल, कोण गेलं, कोण जाणार. मग तिघं पांगायचे आणि नेव्हिल पेपर काखेत घेऊन चढ चढायचे. उरलेला दिवस त्यांचं तोंड मिटलेलं. थेल्मा म्हणायची, "माझ्या नवऱ्याचे सगळे शब्द त्या बाकावर खर्च होतात, मला उरलेली चिल्लर."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी तपकिरी डब्याच्या आठवड्यात निळा डबा बाहेर ठेवला. टक्सफर्डांची चिठ्ठी आली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, पुन्हा चिठ्ठी. मग एकदा समोरून मी येत असताना नेव्हिल माझ्याकडे टक लावून पाहत जवळ आले आणि काही न बोलता पुढे गेले. मी "गुड मॉर्निंग, नेव्हिल" म्हटलं तेव्हा दचकून टोपीला हात लावला. त्यांच्या घरी चहाला बसले होते त्या दिवशी कपात चहा ओतताना त्यांनी काठावरून आत बोट धरलं. चहा बोटाला लागला तेव्हा ओतणं थांबवलं. मी मान वर केली तर थेल्मा माझ्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना तिने कुंपणावरून विचारलं, "पाहिलंस ना तू, सू?" माझ्या सुधा नावाचं तिने पहिल्याच दिवशी सू केलं होतं.

"हो."

"मधलं सगळं गेलंय. कडेकडेचं दिसतं त्याला, धूसर. समोर बघितलं की समोरचंच नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी जाईल, परत येणार नाही."

"आणि काठी?"

"पांढरी काठी दिलीय इस्पितळाने. छत्र्यांच्या डब्यात आहे, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. कुणाला सांगायचं नाही म्हणतो. मुलाला ऑस्ट्रेलियात कळवलं नाही अजून. आर्नल्डला नाही, बाकावर कुणाला नाही. म्हणतो, ज्या दिवशी त्यांना कळेल त्या दिवशी ते माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागतील." तिने चिमटा दातात धरला, मग काढला. "तू कुणाला म्हणायचं नाहीस, डक."

आमच्या भागात लाडात सगळ्यांनाच डक म्हणतात, बस कंडक्टरपासून डॉक्टरपर्यंत. पण थेल्माने त्या दिवशी म्हटलं तेव्हा ती विनवणी होती. मी कबूल केलं.

तेव्हापासून मला त्या साडेआठच्या फेरीचं सगळं दिसू लागलं. डावा हात सहज म्हणून लोकांच्या कंपाउंडच्या बुटक्या भिंतींवरून सरकत जायचा. कुठे भिंत संपते, कुठे फाटक, कुठे कुणाची हेज, म्हणजे झुडपांची कुंपणं, वाढलीय, सगळं बोटांना पाठ. पेपर घरी आला की थेल्मा दार लावून त्यांना तो वाचून दाखवायची, मृत्यूच्या बातम्यांपासून घोड्यांपर्यंत. ते ऐकून, लक्षात ठेवून, दुसऱ्या दिवशी बाकावर बोलायचे. म्हणजे नेहमी एक दिवस मागे. आर्नल्ड त्यांना चिडवायचा, "काय रे नेव्हिल, कालचाच पेपर स्वस्तात घेतोस की काय?" आणि नेव्हिल हसायचे.

ती फेरी होती तोवर नेव्हिल ऑर्गिल हा माणूस होता. थेल्माला हे पुरतं ठाऊक होतं. आणि नेमकी तीच वेळ शाळेची. उतारावरून सायकली सुसाट यायच्या, मागून आणि पुढून. एकदा एकीच्या हँडलने त्यांच्या कोटाचं बटण तुटलं. थेल्माने ते शिवलं आणि रात्रीचं जेवण आवरून पत्र लिहायला बसली.

"बरोबर जा ना त्यांच्या," मी म्हटलं.

"विचारलं मी. म्हणतो, बायकोचा हात धरून पेपर आणायला जाऊ?"

"मग वेळ बदला. साडेनऊला जा."

"साडेनऊला बाकावर कबुतरं असतात, सू."

"मग समोरच्या कर्स्टीला जाऊन सांग खरं काय ते. तिची मुलगीच तर सगळ्यांत जोरात येते. ती समजून घेईल."

थेल्मा माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिला कपडे न घालता रस्त्यावर जा म्हटलं होतं. "नेव्हिलचं खासगी आहे ते," ती म्हणाली.

दर तीन महिन्यांनी चॅपलच्या हॉलमधे रस्त्याची मीटिंग असते. हद्दीची पोलीस मदतनीस येते, जोडी नावाची मुलगी. पंचविशीतली, कायम घाईत. लोकांनी तक्रारी सांगायच्या, ती फळ्यावर लिहिते, मग हात वर करून त्यातल्या तीन निवडायच्या. पुढचे तीन महिने पोलीस त्या तिन्हींकडे बघणार, बाकीच्या वाट बघणार. जूनच्या मीटिंगला थेल्मा नेव्हिलना घेऊन आली. टाय, बूट, सगळं नीट. मी त्यांच्या मागच्या रांगेत बसले.

फळ्यावर पाच तक्रारी झाल्या. कुत्र्यांची घाण, फुटपाथवर चढवलेल्या गाड्या, वाढलेल्या हेज, अवेळी फटाके, आणि थेल्मा उभी राहिली तेव्हा पाचवी: फुटपाथवरच्या सायकली.

"मुलं आहेत ती, थेल्मा," बावीस नंबरची कर्स्टी मागे वळून म्हणाली. तिशीतली, इस्पितळात कामाला, दोन वर्षांपासून एकटी मुलगी सांभाळते. "सात-आठ वर्षांची मुलं. त्यांना त्या ट्रकांमधे सोडू का मी?"

"मुलं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. वेग..."

"आणि मला आठवतंय ना. मी शेवटच्या दिवशी भाचीला घ्यायला आले होते. तुम्हीच वाकून सांगत होतात, फुटपाथवरून जा, थेल्माने सांगितलंय म्हणून सांगा. आमच्या घरात अजून म्हणतो आम्ही ते. आणि आता तुम्हीच?"

हॉलमधे हसू फुटलं. वाईट नव्हतं ते हसू, पण होतं. टक्सफर्ड म्हणाले, "पाटी हातातून गेली की माणसाचं मत बदलतं म्हणायचं."

थेल्माचे कान लाल झाले. "कारण आहे त्याला," ती म्हणाली. "कारण..."

नेव्हिल खाकरले. एवढंच. मान हलली नाही, हात हलला नाही. थेल्मा तशीच क्षणभर तोंड उघडं ठेवून उभी राहिली, मग म्हणाली, "कारण आता वेग फार असतो," आणि खाली बसली.

मी मागे होते. माझ्याकडे तोंड होतं, आवाज होता, इंग्रजीही बरं होतं. मी कपातला चहा ढवळत बसले.

मतं घ्यायची वेळ आली. जोडीला पुढची मीटिंग होती. ती तक्रारी वाचून दाखवायच्या भानगडीत पडलीच नाही. सगळ्यांना दिसतंच आहे म्हणून पेनाने एकेका ओळीवर टकटक करत "हे? बरं. हे? बरं," असं भराभर म्हणत गेली. घाण झाली, गाड्या झाल्या. तिने तिसऱ्या ओळीवर टकटक केलं आणि नेव्हिलनी हात वर केला. ताठ, कोपरात न वाकवता.

तिसरी ओळ हेजची होती.

"बघा," टक्सफर्ड म्हणाले, "ऑर्गिलांच्या घरातच फूट!" या वेळी हॉल खदखदून हसला. हसण्यावरून नेव्हिलना कळलं की काही चुकलं. काय चुकलं ते कळलं नसावं. त्यांनी हात खाली घेतला नाही, चुकलेला हात खाली घेतला तर कळेल ना. मोजणी होईपर्यंत तो तसाच वर. हेजना नऊ, सायकलींना सात. परत जाताना चढावर थेल्मा त्यांच्या डाव्या बाजूने चालत होती, म्हणजे भिंत त्यांच्या उजव्या हाताला राहील.

सप्टेंबरात शाळा पुन्हा सुरू झाली. ऑक्टोबरच्या एका बुधवारी मी पुढच्या पायरीवरची पानं झाडत होते. साडेआठ. नेव्हिल माझ्या फाटकावरून "मॉर्निंग, सू" म्हणून खाली गेले. माझ्या झाडूच्या आवाजावरून ओळखायचे ते. दोन घरं सोडून कुणाची तरी व्हॅन अर्धी फुटपाथवर चढलेली, भिंत आणि व्हॅन यांच्या मधे एका माणसापुरती फट. नेव्हिल त्या फटीत शिरले होते आणि कर्स्टीची मुलगी एडी वरून सायकलवर सुटली होती. घंटी वाजवत. शिकवल्याप्रमाणे वाजवत.

घंटी ऐकून ते थांबले. मागे वळले, आवाजाकडे सरळ तोंड करून उभे राहिले. ती डावीकडून येतेय की उजवीकडून, हे ऐकू येत नव्हतं त्यांना. व्हॅनमुळे आवाज दोन्हीकडून येत असणार. एडीला वाटलं, आजोबांनी पाहिलंय, सरकतील. शेवटच्या क्षणी तिने हँडल फिरवलं आणि भिंतीवर आदळली.

मी पोचेपर्यंत कर्स्टी रस्ता ओलांडून आली होती. मुलीचं मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. घराघरांतून माणसं बाहेर आली. आणि मग मी तो चढलेला आवाज ऐकला.

"दिसली नाही का तुम्हाला?" कर्स्टी ओरडली. "एवढी पोर दिसली नाही?"

एक शब्द होता. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं त्यांना. खरं होतं ते. कर्स्टीने स्वतः तो शब्द त्यांच्या हातावर आणून ठेवला होता.

नेव्हिलनी कोट सारखा केला. "दिसली," ते म्हणाले. "फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे. मी का सरकू?"

एडी हुंदके देत म्हणाली, "आई, ते माझ्याकडेच बघत होते. सरळ माझ्याकडे बघत होते."

थेल्मा घरातल्या सपाता घालून धावत आली होती. तिने नवऱ्याचं वाक्य ऐकलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, कारण मला कळेना की ती 'बोल' म्हणतेय की 'बोलू नकोस'. मी खाली वाकून एडीच्या बुटाची सुटलेली नाडी बांधत बसले.

त्यानंतरचं सांगायला फार नाही. फोनवरच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत निकाल लागला: म्हाताऱ्याने मुद्दाम पाडलं, बायकोची पत्रं आठवा. एका सकाळी ऑर्गिलांच्या फाटकावर कुत्र्याच्या घाणीची पिशवी लटकत होती, वर टक्सफर्डांचा लाल झेंडा. टक्सफर्ड शपथेवर सांगत होते की झेंडा आपण लावला नाही, कुणीतरी चोरला. नेव्हिल दुसऱ्या दिवशीही साडेआठला निघाले होते. पाच मिनिटांत परत आले. बाकावर आर्नल्डने म्हणे जागा दिली नाही. त्याची नात एडीच्या वर्गात.

पुढच्या आठवड्यात जोडी कागद घेऊन आली. थेल्माने मला बोलावून घेतलं, "नुसती बस," म्हणाली. जोडी भली मुलगी. म्हणाली, कर्स्टीला प्रकरण वाढवायचं नाही, मिस्टर ऑर्गिलनी एवढी सही केली की मिटलं. मुलगी येताना दिसूनही आपण बाजूला झालो नाही, याचं वाईट वाटतं, असं काहीसं होतं त्यात. "नीट वाचून बघा हं, घाई नाही."

नेव्हिलनी कागद घेतला. वाचायला पानभर मजकुराला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ तो समोर धरला. डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले. ओळ संपल्यासारखे परत आणले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पेन?"

थेल्माने कागद हलू नये म्हणून धरल्यासारखं केलं आणि बोट सहीच्या रेघेच्या टोकावर ठेवलं. त्यांचा अंगठा त्या बोटाला लागला. तिथून त्यांनी सही केली, वळणदार, एका दमात.

"किती सुंदर अक्षर आहे तुमचं!" जोडी म्हणाली.

तिला पोचवायला मी दारापर्यंत गेले. पायरीवर ती थांबली. "ऑर्गिलांचं काही... म्हणजे तुम्ही शेजारी आहात म्हणून विचारते. काही सांगण्यासारखं आहे का?"

छत्र्यांचा डबा माझ्या गुडघ्याला टेकला होता. पांढरी काठी त्यात उभी होती, प्लॅस्टिकसकट. जोडीने मान खाली केली असती तर तिला दिसली असती.

"पाऊस येईलसं वाटतंय," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली आणि टोपी घालून गेली.

सव्वीस वर्षांत मी इथली भाषा शिकले, इथलं गप्प बसणंही शिकले.

त्या दिवशी संध्याकाळी मधल्या भिंतीतून मला थेल्माचा आवाज ऐकू आला. शब्द कळत नव्हते. मग नेव्हिलचं एकच वाक्य स्वच्छ आलं, "मला दुष्ट म्हणू देत. आंधळा नको." दुसऱ्या दिवशी अंगणात थेल्माने मला विचारलंही नाही की तू ऐकलंस का. एवढंच म्हणाली, "एकोणीस वर्षं एकाही मुलाला ओरखडा आला नव्हता गं माझ्या हातून."

"तुझ्या हातून कुठे आला?"

"फुटपाथवर कुणी पाठवलं त्यांना?" ती म्हणाली. "आणि त्याला कुणी पाठवलं? रोज सकाळी टायची गाठ मीच बांधून देत होते." चिमटे संपले होते. तिने ओला शर्ट नुसताच दोरीवर टाकला.

डिसेंबरच्या मीटिंगला फुटपाथवरच्या सायकली पहिल्या नंबरवर आल्या. एकमताने. कर्स्टीनेच मांडलं, टक्सफर्डांनी पाठिंबा दिला. ऑर्गिल आले नव्हते. शाळेने बिल्ले बंद केले, कौन्सिलने फुटपाथवर दर वीस पावलांना सायकलचं चित्र काढून त्यावर लाल काट मारली. मुलं आता गाड्यांतून जातात. एडीचं मनगट जुळलं, तीही गाडीतून जाते, आणि गाड्या वाढल्या म्हणून टक्सफर्डांच्या चिठ्ठ्याही वाढल्या. साडेआठला फुटपाथ वरपासून खालपर्यंत मोकळा असतो. थेल्माला हवा होता तस्सा.

"चला ना," तिने त्यांना म्हणून पाहिलं. "आता कुणी नाही वाटेत. चिटपाखरू नाही."

"तेच तर," ते म्हणाले.

पेपर आता थेल्मा आणते. वाचून दाखवते. निम्म्यात ते म्हणतात, राहू दे. लक्षात ठेवून करायचं काय, कुणाला सांगायचं? आर्नल्ड मार्चमधे गेला. ती बातमी तिने तीनदा वाचली, कारण पहिल्या दोन वेळा ते काहीच बोलले नाहीत. तिसऱ्यांदाही बोलले नाहीत.

दाढी आणि टाय मात्र चालू आहे. साडेआठला थेल्मा त्यांना पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्चीत बसवते, तोंड रस्त्याकडे. जाणारे-येणारे म्हणतात, "बसला बघा म्हातारा पाळतीवर." गाडीतली मुलं जीभ काढून दाखवतात. नेव्हिल त्यांच्याकडे सरळ बघत असतात.

"तू तरी हात कर गं जाताना," थेल्मा मला म्हणाली.

म्हणून मी रोज करते. दुकानाकडे जाताना त्यांच्या खिडकीसमोर थांबते आणि हात वर करते. थेल्मा खुर्चीमागून वाकून त्यांच्या कानात सांगते, सू आहे. मग ते हात उचलतात, तो मीटिंगमधला हात, ताठ, कोपरात न वाकलेला. पण त्याला वेळ लागतो. आणि कुणाच्या खिडकीपुढे फार वेळ उभं राहणं इथे बरं दिसत नाही. तोवर मी पुढे निघून गेलेली असते, आणि नेव्हिल मोकळ्या फुटपाथला हात करत बसलेले असतात.